भागधारक जानकीबाई

तंत्रज्ञानाचं भविष्य वेळेआधी ओळखणारी माणसं शतकात दोन-चारच जन्माला येतात. त्यांतल्या एक गोरेगावच्या बाजारात बोंबील विकतात आणि भाव केलात तर तुमच्या आई-वडिलांची चौकशी करतात.

जानकीबाई मासळी घेताना कल्ले उघडून बघतात. शेअर घेतानाही त्यांना तेच करायचं असतं. "आतलं दाखव," हा त्यांचा मंत्र. लेकीनं डीमॅट खातं उघडून दिलं, तेव्हा बिस्किटांच्या कंपनीचे शेअर घेण्याआधी त्यांनी पुडा फोडून एकेक बिस्कीट मोडून पाहिलं होतं.

मोबाइलकडे त्या वळल्या त्या माझ्यामुळे. मी निवृत्त मास्तर, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. एकदा सुरमई निवडताना माझा फोन तापला. "द्या हिकडं," म्हणून त्यांनी तो सरळ दोन सुरमयांच्या मधे बर्फात पुरला. दहा मिनिटांनी बाहेर काढला तेव्हा फोन अगदी ताजा दिसत होता, पण गेलेला होता.

"मेला की ओ मास्तर! कशानं मेला, बघायला नको?"

त्या मला ओढत दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. त्यानं फोन उघडला आणि जानकीबाईंचे डोळे लकाकले. हे काय, ते काय, हा काळा चौकोन कोण, त्याची कंपनी कुठली? दुरुस्तीवाल्यानं एका बारीक पट्टीवर बोट ठेवलं. "मावशी, हा अँटेना. हा नसेल तर फोन म्हणजे नुसता आरसा."

"एवढासा? मग ह्या होडीचा ह्योच खरा नाखवा!"

त्यानंतर रोज दुपारी बाजार उठला की त्या त्याच्या दुकानात. महिन्याभरात फ्रिक्वेन्सी, टॉवर, बँड हे शब्द पापलेटच्या भावासारखे त्यांच्या तोंडी खेळू लागले. अँटेना बनवणाऱ्या एका कंपनीचे दहा शेअर त्यांनी घेतले आणि कंपनीच्या वार्षिक सभेत बोलायला नावही नोंदवलं. सभा ऑनलाइन होती, ऐन बाजाराच्या वेळी. जानकीबाईंचे हात मासळीचे, म्हणून त्यांचा फोन मी धरला.

पडद्यावर अध्यक्षमहाराज कोटात बसले होते. आधीच्या पाच भागधारकांनी त्यांच्या दूरदृष्टीची स्तुती केली. एकानं स्वरचित कविता म्हटली. अध्यक्षांनी ती डोळे मिटून ऐकली. मग जानकीबाईंचं नाव पुकारलं गेलं.

"साहेब, कविता पुरे, आतलं दाखवा! मेरा आदमी बोट पे जाता है, दस-बारा दिन. किनारा छूटा की फोन बंद. तुमचा अँटेना तिथपर्यंत कधी पोचणार?"

अध्यक्षांनी डोळे उघडले. कागद चाळले. चांगला प्रश्न आहे, तूर्त तशी योजना नाही, नोंद घेतली आहे, असं म्हणून ते पुढच्या कवितेकडे वळले.

जानकीबाईंनी मला माइक बंद करायची खूण केली.

"बोटीवर वायरलेस असतो ना?" मी म्हणालो.

"असतो. पण त्यावर सगळं बंदर ऐकतं, मास्तर. नवरा-बायकोचं बोलणं काय लिलाव आहे?" त्यांनी बोंबलांवरचा बर्फ उगाच सारखा केला. "तीस वर्षं झाली. घरी आला की झोपतो, उठला की जाळी विणतो, नि पुन्हा चालला. बोलायचं ते सगळं तो गेल्यावरच आठवतं."

"आणि फोन लागला, तर काय बोलाल?"

त्या पंचावन्न वर्षांच्या बाई चक्क लाजल्या.

"दुसरं काय? जेवलास का, म्हणून विचारीन."

मग त्यांनी पदराला हात पुसून माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच कंपनीचे आणखी पाच शेअर घेतले.

त्यांचा नवरा त्या बोटीवर स्वयंपाकी आहे.