झाडे काका आणि पेट्रोलचा वास

झाडे काकांशी तुमची गाठ पडली असती, तर 'नमस्कार' म्हणायच्या आधी तुमच्या नाकाखाली एक चिंधी आली असती. "वास येते का?" तुम्ही 'नाही' म्हणालात की लगेच पुढचा प्रश्न, "नक्की? सर्दी तं नाही ना झाली तुले?" आणि 'हो' म्हणालात तर विचारूच नका. "कशाचा? कवापासून? कोण आलतं इथे?" दोन मिनिटांत भला माणूस आरोपी होऊन जायचा.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. शंकर नगरातल्या आमच्या सरकारी विश्रामगृहाला एकाएकी भाव आला. ज्या मैदानात कालपर्यंत पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गाई चरत होत्या, तिथे आता मंत्र्यांना चहा प्यायला हिरवळ हवी होती. म्हणून पेट्रोलवर चालणारी, वर बसून चालवायची गवत कापायची गाडी आली. मी तिथला स्टोअरकीपर. कुलपं आणि किल्ल्या सरकारने दिल्या होत्या, संशयी स्वभाव माझा घरचाच होता.

गाडी चालवायला झाडे काकांना ठेवलं. मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले, ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्यांत एकटे राहणारे. गाडीपेक्षा त्यांचे नियमच जास्त आवाज करायचे. शेडमध्ये पेट्रोल भरायचं नाही, गाडी ढकलत उघड्यावर आणायची. इंजिन तापलेलं असेल तर थांबायचं. किती? तर काका शेजारी स्टूल टाकून अर्धा तास बसून राहायचे आणि मधूनमधून सायलेन्सरजवळ तळहात नेऊन बघायचे. पेट्रोलचा डबा जमिनीवरच ठेवायचा. टाकी काठोकाठ भरायची नाही. "त्यालेबी फुगायले जागा लागते," म्हणायचे. थेंब सांडला तर पुसायचा, गाडी चार हात दूर न्यायची, मग चिंधी घेऊन माणसं शोधत फिरायचं, "वास येते का?" आणि दोघातिघांनी 'नाही' म्हटल्यावरच किल्ली फिरवायची.

पात्याखाली अडकलेलं गवत काढायचं असेल तर आधी प्लगची वायर काढून खिशात. "इंजिन बंद आहे ना काका?" मी एकदा म्हटलं. "बंद आहे असं ते म्हणते," काका इंजिनाकडे बघत म्हणाले. "मी काहून मानू?"

पेट्रोल पंपावर तर त्यांचा काडीचा भरोसा नव्हता. डबा आला की कोऱ्या कागदावर थेंब टाकून बसायचे. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ समजून डबा परत. एकदा एक बडे अधिकारी सिगारेट ओढत हिरवळीवर आले. काकांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "साब, सिगरेट और गाड़ी, दोनों में से एकच रहेगा यहाँ।" सिगारेट गेली. मग त्या अधिकाऱ्यांनी नातीला मांडीवर घेऊन एक फेरी मारायला सांगितलं. "ही एका माणसाची गाडी आहे. देव आला तरी मांडीवर घेणार नाही," हे काका मराठीत पुटपुटले म्हणून नोकरी वाचली.

इतका सोवळा माणूस मला पहिल्यापासून खटकत होता. आणि एके दिवशी माझा संशय खरा ठरतोय असं दिसलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काका टाकीत उरलेलं पेट्रोल लोखंडी डब्यात काढत, झाकण घट्ट लावत आणि डबा घेऊन चालू पडत. दोन महिने मी पाहिलं. तिसऱ्यांदा विश्रामगृहाच्या साहेबांच्या कानावर घातलं.

"घाटे जी, पता लगाइए," साहेब म्हणाले. "चोरी निकली तो काका की छुट्टी, मशीन ठेकेदार को दे देंगे।"

खरं सांगतो, मला आनंद झाला. आपला संशय खरा निघण्यासारखं सुख नाही.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी स्कूटरवरून पाठलाग केला. पेट्रोल घेऊन रिक्षात बसणं काकांच्या नियमात नसल्यामुळे ते पायी, आणि पायी चालणाऱ्या माणसामागे स्कूटर चालवणं म्हणजे शिक्षाच. दर पन्नास पावलांवर ती बंद पडे. काका दर शंभर पावलांवर मागे वळून बघत. मी दोनदा उसाच्या रसाच्या गाड्यामागे लपलो आणि लाजेकाजेस्तव दोन्हीकडे रस प्यालो.

ब्राह्मणपाऱ्याच्या तोंडाशी संतोष नावाच्या मेकॅनिकचं दुकान आहे. काकांनी डबा त्याच्यासमोर उघडला. संतोषने वास घेतला. "हव काका, पुराना हो गया। खट्टा-खट्टा मार रहा है।"

"पक्का? सर्दी तो नहीं है तेरे को?"

"नहीं काका। इसमें मैं गाड़ियों की चेन धो लूँगा।"

काका गेले. मी पुढे होऊन विचारलं, याच्या बदल्यात काकांना काय देतोस? "चाय पूछता हूँ भैया, वो भी नहीं पीते। बोलते हैं, महीना भर पड़ा पेट्रोल मशीन का गला बिगाड़ता है, बस।" मग त्याने हात पुसत सहज सांगितलं, "काका को बास नहीं आती ना। पाँच साल हो गए। आपको नहीं मालूम?"

मी स्कूटरवर बसलो, पण माझ्याने किल्लीच फिरवेना. चोरी असती तर सोपं होतं. इथे ज्याला पेट्रोलचा वासच येत नाही असा माणूस आमच्या आवारात पेट्रोल भरत होता. उद्या पाइप गळला तर सगळ्यात शेवटी त्यालाच कळणार. मला भीती वाटली आणि काकांचा भयंकर रागही आला.

सोमवारी सकाळी मी त्यांना स्टोअरमध्ये बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. रेल्वेच्या शेडमध्ये पाय घसरला, डोकं आपटलं. "डोकं वाचलं, नाक गेलं," म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं तू गाडी दिली असती?"

"नाही."

"मंग?" मग किल्ली काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "सायबाले सांगून टाक. तुझ्या जागी मी असतो तं कवाच किल्ली घेतली असती. मले तं माझाच भरोसा नाही राह्यला, म्हणून लोकाइले विचारत फिरतो."

किल्ली ठेवून ते गेले, पण घरी नाही, बंद गाडीशेजारी स्टूल टाकून बसले. त्या गाडीशिवाय या माणसाला सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फिर तो हटाना पड़ेगा।" मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी वाद घातला. म्हटलं, गाडी काकाच चालवतील, पण मी उभा राहून वास घेतल्याशिवाय एक थेंब भरला जाणार नाही आणि इंजिन सुरू होणार नाही. तसं लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

मी किल्ली परत नेली. आभार वगैरे काही नाही. "तुझ्या नाकाचा काय भरोसा?" म्हणून काकांनी मला डोळे मिटायला लावले आणि तीन चिंध्या हुंगवल्या. ताजं पेट्रोल, जुनं पेट्रोल, घासलेट. मी पहिल्या खेपेला नापास झालो. दुसऱ्या खेपेला कसाबसा पास.

मग आमचं रोजचं ठरून गेलं. मी वाकून टाकी, पाइप, जमीन हुंगायचो आणि माळी हसायचे. महिनाभराने एका सकाळी सगळं झाल्यावरही काका किल्ली फिरवेनात. इकडेतिकडे बघत त्यांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, उघडला आणि माझ्यापुढे धरला. "हेबी पाहून दे जरा."

वरण होतं. वास येताच मला कळलं. "काका, हे आंबलंय. कधीचं?"

"परवाचं. काल दोन्ही टाइम खाल्लं मी."

"अहो, मग काल कोणाला विचारायचं नाही का?"

"पेट्रोलचं विचारता येते. घरचं वरण कोणाले दाखवत फिरू?" ते टायरकडे बघत बोलत होते. "तुझी काकू होती तवर घरचं नाक तीच होती. दूध म्हणा, गॅस म्हणा, सारं तीच पाहे. तिले जाऊन दोन वर्षं झाली. आता अंदाजानं खातो."

दहा जणांना पेट्रोलबद्दल छळणारा हा माणूस दोन वर्षं गुपचूप नासकं खात होता. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांच्या मागे स्कूटर घेऊन लागलो होतो याची लाजही वाटली. मी वरण कण्हेरीच्या बुडाशी ओतलं आणि माझ्या डब्यातली मेथीची भाजी त्यांच्या डब्यात घातली.

"उद्यापासून रोज दाखवत जा," मी म्हटलं.

"तुले काहून पडली?" त्यांनी संशयाने विचारलं.

"स्टोअरकीपर आहे मी. माझ्या हद्दीत खराब माल चालत नाही."

काका डबा पिशवीत ठेवून पाठमोरे झाले आणि गाडीची सीट पुसत बसले. सीट स्वच्छच होती.