खारभाटची शांतता

गिल्बर्ट परेराने हरकतीच्या अर्जात पहिलाच मुद्दा शांततेचा घातला होता. ‘आमचे खारभाट गाव इतके शांत आहे की खाडीत मासा उडाला तर चर्चच्या पायरीवर ऐकू येते. तेलविहिरीच्या यंत्रांनी ही शांतता कायमची नष्ट होईल.’ हे वाक्य त्याने बायकोला, मार्सेलिनाला, वाचून दाखवलं. ती मागच्या दारी शेजारणीशी कोंबडीवरून भांडत होती, त्यामुळे त्याला ते दोनदा ओरडून वाचावं लागलं.

ही १९८५ सालची गोष्ट. बोरिवलीहून बसने खाडीच्या दिशेला गेलं, की शेवटच्या थांब्याच्याही पुढे खारभाट लागायचं. निम्मी घरं गिल्बर्टसारख्या जुन्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची, निम्मी कोकणातून येऊन स्थिरावलेल्यांची. मुंबईच्या समुद्रात तेल सापडल्यापासून एका कंपनीला खारभाटच्या जमिनीखालीही तेल असल्याची शंका यायला लागली होती. गावाच्या गोड्या पाण्याच्या विहिरीला लागून एक माळ होता. तिथे खोल भोक पाडून बघायची परवानगी कंपनीने मागितली. विहीर गेली की भाजीचे मळे गेले, आणि मळे गेले की गावात राहिलं काय, हे सगळ्यांनाच कळत होतं. ते कागदावर मांडणं मात्र फक्त गिल्बर्टला जमतं, असं गिल्बर्टचं मत होतं.

हरकत पोचली. सरकारी कचेरीतून निरोप आला की परवानगीचा निर्णय देणारे अंबादास साहेब स्वतः जागा बघायला येतील, आणि त्याच वेळी कंपनीचा इंजिनिअर यंत्र लावून जमीन तपासेल. दिवस तुम्हीच सांगा. गिल्बर्ट मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होता. म्हणून त्याने शेजारच्या दशरथ मेस्त्रीला कचेरीत धाडलं.

दशरथ छाती काढून परत आला. “शनवारची संध्याकाळ ठरवून इलंय. साहेबांक म्हटलंय, त्या दिवशी सगळो गाव घराक असतलो. एकजूट दिसाक होयी ना?”

“शनिवारी सगळा गाव घरी कशाला असेल, दशरथ?” गिल्बर्टने विचारलं.

“ता माका काय म्हायत? जो भेटता तो सांगता, शनवारी मी कामार जाणंय नाय.” बोलता बोलता दशरथचा चेहरा उतरला. “आरे देवा. आपल्या अंजूचा उंबराचा पाणी.”

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीकडची मंडळी वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. खारभाटमध्ये अर्बनच्या ब्रास बँडशिवाय हे पाणी कधी आलं नव्हतं. आणि विहिरीची वाट जात होती नेमकी त्याच माळावरून.

दिवस बदलायला गिल्बर्ट स्वतः कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, “हरकत मागे घेताय का?” दिवस मागितला तर हरकतच जाईल या भीतीने गिल्बर्ट तसाच परतला. घरी येऊन त्याने सांगितलं, “पाणी शनिवारीच आणायचं. फक्त आवाज करायचा नाही.”

मार्सेलिनाने हातातली परात खाली ठेवली. “मुक्यानं? माझ्या पोरीचं लग्न आहे का मयत?”

“थोडा वेळ गं. साहेब गेले की मग काय वाजवायचं ते वाजवा.”

“मग आम्ही यायचं कशाला?” अर्बनने विचारलं. तो बँडमास्टर होता आणि त्याला लगेच लागायचं.

“तू नाही आलास तर लोक म्हणतील गिल्बर्टने बँड नाही लावला. ड्रेस घालून चाल. बँड दिसला पाहिजे, ऐकू नाही आला पाहिजे.”

नवरी अँजेलिना, म्हणजे दशरथची अंजू, खाली ठेवलेली परात उचलून आत गेली. एरवी ती चहात साखर कमी पडली तरी बापाला ऐकवायची.

शनिवारी दुपारपासून खारभाटने कमाल केली. रेडिओ बंद झाले. कुत्र्यांनी भुंकू नये म्हणून त्यांना माशांची डोकी घातली गेली. मांडवात फुगे, म्हणजे लग्नातले पिठाचे फुगलेले गोळे, तळणाऱ्या बायका एकमेकींच्या कानात बोलत होत्या, आणि ज्यांच्याविषयी बोलत होत्या त्या शेजारीच बसून फुगे तळत होत्या.

माळावर इंजिनिअर चंद्रप्रकाश जमिनीत खुंट्या ठोकत होता. खुंट्यांना तारा होत्या आणि तारांच्या टोकाला यंत्र. यंत्रातली सुई कागदाच्या गुंडाळीवर रेघ मारत होती. “जमिनीच्या पोटातली थरथर मोजतं हे,” तो म्हणाला. “आसपास एकदम शांतता लागते. नाहीतर सगळं बिघडतं.”

“शांतता म्हणाल तर आमच्याकडे भरपूर,” गिल्बर्ट साहेबांकडे बघत म्हणाला.

अंबादास साहेबांनी कान देऊन ऐकलं. खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. ते खूश दिसले, आणि त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहायलाही घेतलं.

तेवढ्यात गल्लीतून वरात आली. पुढे लाल लुगड्यांतल्या बायका, केसांत अबोली, डोक्यावर कळशा. मध्ये अँजेलिना. मागे सोनेरी पट्ट्यांच्या लाल कोटात बँड. अर्बनने ट्रंपेट ओठांना लावलं होतं, पण फुंकत नव्हता. ढोलवाल्याने काठ्या हवेतच धरल्या होत्या. सगळे पाय न वाजवता चालत होते.

अंबादास साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “कोण गेलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“गेलं नाही कोणी, साहेब. माझ्या मुलीचं लग्न आहे. उद्या.”

साहेबांनी पुन्हा एकदा वरातीकडे पाहिलं. मग आणखी हळू आवाजात विचारलं, “मुलगा पसंत नाही का?”

हे अँजेलिनाला ऐकू गेलं. तिने वर पाहिलं नाही, नुसता पदर नीट केला. लहानपणी दुसऱ्यांच्या वरातीत सगळ्यांच्या पुढे नाचणारी ही पोरगी स्वतःच्या लग्नात चोरासारखी चालली होती. गिल्बर्टने साहेबांच्या पेनाकडे बघितलं, सुईच्या सरळ रेघेकडे बघितलं आणि मुलीकडे बघितलं. त्याच्याने राहवेना.

“साहेब, माफ करा,” तो म्हणाला. मग मागे वळून म्हणाला, “अर्बन, वाजव रे.”

अर्बनने गल्लीपासून दम कोंडून धरला होता. तो सगळा एकदम बाहेर आला. सूर कुठला होता ते कुणालाच कळलं नाही, पण माळावरचे कावळे उडून खाडीपलीकडे गेले. ढोल सुरू झाला. बायकांनी दुपारपासून दाबलेली गाणी एकाच वेळी सुरू केली, वेगवेगळी. दशरथ सगळ्यांच्या पुढे जाऊन गणपतीत नाचावं तसा नाचायला लागला. अँजेलिना हसली, आणि कळशी मावशीच्या हातात देऊन तीही नाचायला लागली.

यंत्रातल्या सुईने कागद फाडला. “बंद करा, बंद करा,” म्हणत चंद्रप्रकाश हात हलवत होता. बायकांना वाटलं, पाहुणा नाचतोय. त्यांनी त्याला मध्ये ओढलं. अंबादास साहेबांनी फाइल मिटली.

“गेली आपली हरकत,” गिल्बर्ट दशरथला म्हणाला. मग आता गेलीच आहे तर, म्हणून तोही नाचला.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश पुन्हा यंत्र घेऊन आला. त्या दिवशी लग्नच होतं. पुढच्या खेपेला जावयाचं जेवण होतं, त्यापुढे दशरथकडची लाउडस्पीकरवाली पूजा, मग चर्चची जत्रा, मग होळी.

“इथे काहीच नसतं असा दिवस नसतो का?” त्याने कळवळून विचारलं.

“असतो ना,” मार्सेलिना त्याला वाढता वाढता म्हणाली. “पण त्या दिवशी मळ्यातले पंप चालू असतात.”

हळूहळू तो यंत्र जीपमध्येच ठेवायला लागला आणि थेट जेवायला यायला लागला.

मे महिन्यात अंबादास साहेब निकाल घेऊन गिल्बर्टच्या ओट्यावर हजर झाले. दशरथ धावत आला. अर्बन ट्रंपेट घेऊनच आला. साहेबांनी चष्मा लावून वाचलं: कंपनीने अर्ज मागे घेतला आहे. ‘गावातील कायमच्या गोंगाटामुळे जमिनीची चाचणी घेणे अशक्य.’

दशरथने साहेबांना मिठीच मारली. मार्सेलिनाचे डोळे भरून आले, आणि ती साहेबांसाठी चहा टाकायला आत पळाली. गिल्बर्ट मात्र तोंड पाडून बसला.

“गोंगाट?” तो म्हणाला. “आमच्या गावाला गोंगाट म्हणतात?”

“आरे, जिंकलंव मां आपण,” दशरथ म्हणाला.

“जिंकलो ते ठीक आहे रे, पण हे कायमचं कागदावर राहणार. साहेब, एक शब्द तेवढा बदला. गोंगाटाच्या जागी संगीत लिहा.”

“मिस्टर परेरा, सरकारी कागद आहे हा,” अंबादास साहेब अवघडून म्हणाले. “आणि त्या दिवशी मी स्वतः हजर होतो. खोटं कसं लिहू?”

अर्बनला लागलं. “त्या दिवशी दम कोंडला होता माझा,” तो म्हणाला. “आता नीट ऐका, मग ठरवा.” आणि त्याने ट्रंपेट तोंडाला लावलं.

साहेबांनी होता तसाच कागद घाईघाईने सही करून गिल्बर्टच्या हातात दिला, आणि चहाला न थांबता जीप गाठली.