चालू: दोनशे तेरा दिवस

सांगा बरं, माणूस शपथेवर एक सांगतो आणि यंत्र दुसरंच दाखवतं, तर भरवसा कोणावर ठेवायचा? घाई नको. आधी आमच्या शेजारच्या दुकानातल्या कुलूपवाल्यांचं ऐका.

जेवणाच्या टेबलावरचा म्हातारा कॉम्प्युटर हलवा, तिथे माझं शिवणयंत्र येऊ दे, असं त्यांच्या बायकोने त्यांना बजावलं होतं. रविवारी जावई तपासणार. कामाचा नसेल तर सरळ भंगारात. तो कामाचा आहे हे दाखवायला कुलूपवाले इरेला पेटले. एक छोटासा प्रोग्राम असतो. स्क्रीनवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून तिच्यात त्याचं नाव टाइप केलं की एका बाजूला चित्र उमटतं आणि शेजारी यंत्राची आतली हकीकत: मेमरी किती, डिस्क किती, कधीपासून चालू. काय काय दाखवायचं ते एका फाइलीत लिहून ठेवायचं. कुलूपवाले ते आपलं आपणच शिकले. (एक स्वल्पविराम राहिला म्हणून दोन दिवस काहीच उमटेना, राग निघाला भाजीतल्या मिठावर.) अखेर चित्राच्या जागी अक्षरांनी रचलेलं ऐटबाज कुलूप आलं.

रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर नाव टाइप केलं.

"बाबा, हे काय?" जावई वाकून वाचू लागला. "चालू: दोनशे तेरा दिवस? तुम्ही हा बंदच करत नाही?"

"कोण म्हणतं? रोज माझ्या हाताने बंद करतो. हे बघा!" त्यांनी बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली.

"अहो, मग टेबलाखाली कोण घोरतंय?" बायकोने विचारलं.

जावयाने तोंडावर रुमाल धरला. "बाबा, हे नुसतं स्क्रीनचं बटण. यंत्राचा डबा खाली चालूच आहे."

"म्हणजे घरघर याची होती!" बायको कडाडली. " आणि तुम्ही दोनदा माणूस बोलावून माझा फ्रिज खोलायला लावलात!"

दुसरा कोणी असता तर मान खाली घालून उठला असता. कुलूपवाले ताठ उभे राहिले. "दोनशे तेरा दिवस! अगं, एक डुलकी नाही, एक रजा नाही! आणि याला भंगारात काढता? हलवूनच दाखवा!"

"आई, यंत्र दणकट आहे हे खरं," जावई म्हणाला.

बायकोने हात टेकले. "राहू दे मेला तिथेच. पण आता एकदा खरोखरचा बंद करा."

"त्यात काय!" कुलूपवाल्यांनी (जावयाला हळूच विचारून) छाती काढून यंत्र रीतसर बंद केलं. घरघर थांबली.

ती पुन्हा सुरू झालीच नाही.

टेबलावर आता शिवणयंत्र आहे. कुलूपवाले अजून ठासून सांगतात, "बंद करेपर्यंत उत्तम चालू होता!" तुम्ही मात्र एवढं करा: चालू-बंदचा हिशोब खरा ठेवा, आणि तो चारचौघांत मांडण्याआधी एकदा टेबलाखाली वाकून बघा.