साळूबाईचं पुरातन दार

एका जंगलात एक साळू राहत होती. मुलांनो, हे जंगल आपल्याकडचं नव्हे, पार सातासमुद्रापलीकडचं, युरोपातलं. तिथे जरा उकरलं की एखाद्या सरदाराचं गंजकं सामान निघतं, आणखी उकरलं की खाली रोमन खापरं. त्यामुळे बीळ खणायचं म्हटलं की तिथले प्राणी आधी कपाळाला हात लावतात.

साळूबाईला नुकतीच दोन पिल्लं झाली होती. हिवाळा तोंडावर आला होता आणि ओढ्यापलीकडच्या लांडग्याला पिल्लांची बातमी लागली होती. बिळाला दार हवंच होतं.

खणता खणता तिला एक शिरस्त्राण सापडलं. जाड लोखंडाचं, डोळ्यांपुढे आडवी फट असलेलं. साळूबाईने ते बिळाच्या तोंडात घट्ट बसवलं. फटीला डोळा लावला की कोण आलंय ते दिसे. संध्याकाळी लांडगा आला, त्याने दात लावून पाहिले आणि जबडा चोळत परत गेला. कितीतरी दिवसांनी साळूबाई शांत झोपली.

पण कुणाचं बरं चाललेलं जंगलात लपत नाही. सकाळीच पुराणवस्तू खात्याचे पंडित दिवाभीत दारात हजर. ते जातीचे घुबड. दिवसा त्यांना दिसत नसे, पण पाहणी ते दिवसाच करीत, कारण कचेरीची वेळ तीच.

त्यांनी पंखाने चाचपलं आणि जाहीर केलं, "पूजापात्र!"

"अहो पंडितजी, माझं दार आहे ते."

"बाई, आमच्या शास्त्राचा नियम आहे. ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही, ती पूजेची."

"पण मला कळतोय की उपयोग!"

"तुम्ही तज्ज्ञ नाही. तुम्हाला कळलेलं धरत नाहीत."

"आणि लांडगा आला म्हणजे?"

"लांडगा आमच्या खात्यात येत नाही."

शिरस्त्राण संग्रहालयात गेलं. तिथे ते उलटं ठेवून त्यात फुलं घालण्यात आली.

त्या संध्याकाळी लांडगा पुन्हा आला. साळूबाई काटे फुलवून बिळाच्या तोंडाशी उभी राहिली. मागे पिल्लं कुईकुई करत होती. लांडगा शेवटी कंटाळून गेला, पण जाताना "उद्या येतो हं वहिनी" म्हणून गेला. मग साळूबाई ढसाढसा रडली. अंगावर काटे असले म्हणून काय झालं, रडू येतंच.

उजाडताच ती पंडितांकडे गेली.

"दार नाही तर नाही, निदान पहारा तरी द्या."

"पहारा फक्त अवशेषांना मिळतो," पंडित म्हणाले. "जिवंतांसाठी तशी सोय नाही."

साळूबाई विचार करत घरी निघाली. वाटेत खार भेटली. तिच्या कानात साळूबाई म्हणाली, "माझ्या बिळात फार जुनं काहीतरी निघालंय. कुणाला सांगू नकोस." मग घरी येऊन तिने आपले गळालेले काटे गोल मांडले, पिल्लांना पोटाशी घेतलं आणि मधोमध निपचित पडली.

दुपारच्या आत अख्खं खातं तिथे लोटलं.

"काट्यांचं वर्तुळ!" पंडितांनी चाचपलं. "उपयोग कळत नाही. म्हणजे पूजास्थान! आणि मध्ये ही मूर्ती!"

तेवढ्यात एक पिल्लू शिंकलं.

"साहेब, मूर्ती शिंकली," कारकून कासव म्हणालं.

"मंत्रघोष अजून घुमतोय! लिहून घ्या."

झालं. बिळाभोवती कुंपण पडलं. पहाऱ्याला दोन अस्वलं आली. पूजास्थान म्हटल्यावर पूजापात्र नको का? शिरस्त्राण वाजतगाजत परत आणून बिळाच्या तोंडात बसवलं गेलं. भाविक कंदमुळं वाहू लागले. लांडगाही आला, पण अस्वलं बघून लांबूनच नमस्कार करून परतला.

साळूबाई आता आत बसून नैवेद्याचे कंद खाते. पिल्लं मोठी होताहेत. इतर आया पिल्लांना खणायला शिकवतात. साळूबाई आपल्या पिल्लांना एवढंच शिकवते, "पावलं वाजली की हलायचं नाही. मेल्यासारखं पडायचं."

तात्पर्य: जिवंतपणी दार मागत बसू नये. आधी अवशेष व्हावं. मग दार, पहारा आणि नैवेद्य घरपोच येतो.