रायाजीरावांचा झेल आणि भिवरावांची पाठ

श्री. आमच्या वाटेची विघ्ने उचलून शेजारच्या दारी नेऊन ठेवील त्या गजवदनास आधी दंडवत, आणि ज्या कुळाची हकीकत सांगणे आहे त्या कुळाच्या थोरल्या पातीस दुसरा दंडवत. धाकट्या पातीस वेळ उरल्यास. शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर, ते साली दक्षिण समुद्रापलीकडे एक राज्य होते. तेथे उन्हाळा पौषात आणि थंडी आषाढात, सगळेच उलटे, आणि चेंडूही गोल नव्हे, अंड्यासारखा. त्या राज्यात तलवार कोणी धरीत नसे, सारी अब्रू त्या चेंडूवर. मैदान तळ्याएवढे, दोन्ही टोकांस चार चार खांब रोवलेले; मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार केला तर सहा दाने, कडेच्या खांबांतून गेला तरी एक दान, म्हणजे नेम चुकलेल्यासही रित्या हाती पाठवीत नसत. दोहों बाजूंस अठरा अठरा गडी. चेंडू फेकू नये, लाथ घालावी की मुठीने ठोसावा. आणि लाथेने उडालेला चेंडू ज्याने अधांतरी झेलला त्यास मग कोणी हात लावू नये, त्याने निवांत नेम धरावा. आणि झेल घेण्यास दुसऱ्या गड्याच्या खांद्यावर गुडघा देऊन चढले तर तो गुन्हा नव्हे, पराक्रम. मग तो खांदा आपल्याच बाजूच्या गड्याचा का असेना. हे कलम नीट ध्यानी धरावे, सारा अनर्थ यातून जाहला.

त्या राज्यात एका वाड्यात समोरासमोर दोघी जावा नांदत होत्या. थोरल्या मथूबाईसाहेब करारी, घराच्या किल्ल्या कमरेस. धाकट्या लाडूबाईसाहेब हसतमुख, म्हणजे कामास मागे. थोरल्यांचे चिरंजीव भिवराव, धाकट्यांचे रायाजीराव. चेंडूस पहिली लाथ भिवरावांनी घातली, रायाजीराव तेव्हा दारात बसून माती खात होते, हे लोक आता सांगत नाहीत म्हणून येथे सांगणे आले. मग दोघे वयात आले आणि मोठमोठ्या सरकारांचे कारभारी दरसाल मांडव घालून नवे गडी निवडीत, तेथे दोघे गेले. पहिलेच नाव रायाजीरावांचे पुकारले. मग नावे होत गेली, मंडळी सरबत पिऊन घरोघर निघाली, आणि मांडवाचे दोर सोडीत असता भिवरावांचे नाव आले, तेही त्याच सरकारातून. लाडूबाईसाहेब पेढ्यांचे तबक घेऊन सामोऱ्या आल्या आणि म्हणाल्या, "जाऊबाई, भिवबाचेही आले हो. मी म्हटलेच होते, मांडव उतरायच्या आत येईल." मथूबाईसाहेबांनी पेढा घेतला, जिभेस लावला, आणि खवा जुना आहे एवढेच बोलिल्या.

पुढे दुसरे साली ती गोष्ट घडली. मोठी लढत, चेंडू आभाळात गेला आणि भिवराव खाली अचूक उभे राहिले. झेल त्यांचा होता, लहान मुलासही दिसत होते. तो मागून रायाजीराव धावत आले आणि सख्ख्या चुलतभावाच्या खांद्यावर गुडघा देऊन जे वर गेले ते पाखरासारखे, आणि चेंडू घेऊनच उतरले. लोक वेडे जाहले. छबी टिपणाऱ्यांनी छबी टिपली आणि ती छबी राज्यभर गेली, भिंतींवर, छत्र्यांवर, चहाच्या डब्यांवर. तीत रायाजीराव ढगांत, हात पसरलेले, मुख तेजःपुंज. आणि खाली भिवरावांची पाठ. मस्तक वाकलेले म्हणून दिसत नाही. पाठ मात्र आहे. मथूबाईसाहेब बाजारात गेल्या असता वाण्यास पुसले की हा खालचा कोण, तर वाणी म्हणाला, कोणी असेल शिडी. त्या दुकानातला चहा त्या दिवसापासून बंद जाहला. लाडूबाईसाहेबांनी तीच छबी दिवाणखान्यात लावून हार घातला आणि जावेस बोलावून दाखविली, "तुमच्याही लेकाची पाठ आली आहे हो, काय भरदार दिसते." थोरल्या पाणीही न घेता उठल्या.

मग वर्षांमागून वर्षे गेली आणि रायाजीरावांस सुवर्णपदक जाहले, सरदारकी जाहली, गावोगाव त्यांच्या नावाच्या बंड्या घालून पोरे हिंडू लागली. आणि भिवराव आपले रोज खेळत, पडत, उठत, चेंडू घेत आणि रायाजीरावांकडे देत. एके साली रायाजीरावांचा गुडघा मोडला. त्या दिवशी मथूबाईसाहेबांकडे पुरणपोळ्या जाहल्या. त्याचा अर्थ लोकांनी भलता लावला. पुरण आदल्या दिवशीच वाटले होते. परंतु भिवरावांनी काय केले? रायाजीरावांस पाठीवर घेऊन रोज माडी चढविली आणि उतरविली. बाईसाहेबांनी खिडकीतून पाहिले आणि लेकास विचारिले की मैदानात कमी पडले म्हणून घरीही त्याची शिडी होतोस काय. भिवराव म्हणाले, "आईसाहेब, त्याचा गुडघा मोडला आहे." काही मुलांस स्वतःचा राग येतच नाही, तो आईसच करावा लागतो.

ऐसियास बारावे साल लागले आणि रायाजीरावांनी जाहीर केले की गुडघा साथ देत नाही, या सालची शेवटची लढत ती आपलीही शेवटची. थोरल्या आईच्या पाया पडावयास आले, गोड बोलले, वाकताना गुडघा कटकन वाजला. बाईसाहेबांनी आशीर्वाद दिला, परंतु कोणता ते मोठ्याने म्हटले नाही. ते गेल्यावर भिवरावांस समोर बसविले आणि म्हणाल्या, "एकदा. मला एवढे एकदा पाहायचे आहे. त्याच्या खांद्यावर गुडघा दे आणि वर जा."

भिवराव म्हणाले, "आईसाहेब, ते ठरवून होत नाही. चेंडू कोठे येईल कोण जाणे."

"त्याला बरे ठरवता आले."

भिवराव उठू लागले. मग बाईसाहेब बोलिल्या, "दहा वर्षे मी मान खाली घालून त्या चित्राखालून जाते आहे, भिवा. हा निघून गेला म्हणजे मग कोणाच्या खांद्यावर चढशील? त्याच्याच चढायला पाहिजे." भिवरावांनी आईच्या हातास हात लावला आणि निघून गेले.

लढत भाद्रपदात जाहली. मैदानाभोवती माणसांचे रान, नगारे, निशाणे, आणि सगळीकडे रायाजी रायाजी. दोघी जावा शेजारी बसल्या होत्या, मधे फराळाचा डबा. शेवटची घटका आली तेव्हा आपले सरकार चार दानांनी मागे. चेंडू आभाळात गेला. खाली रायाजीराव, पाय रोवून, हात वर करून तयार. झेल त्यांचा होता. तो मागून भिवराव धावत निघाले. मथूबाईसाहेब बाकावर चढून उभ्या राहिल्या, डबा लवंडला. भिवरावांनी भावाच्या खांद्यावर गुडघा दिला आणि वर गेले, आणि क्षणभर त्यांच्या वर फक्त आभाळ होते, आणि चेंडू घेऊनच खाली आले. मग नेम धरून लाथ घातली, मधल्या दोन खांबांतून पार. सहा दाने. जय जाहला. लाडूबाईंच्या बाजूचे लोक आजही सांगतात की रायाजीरावांनी मागून भावाची पावले ओळखली आणि मुद्दाम खांदा वाकविला. खोटे. साफ खोटे. तो वाकणाऱ्यांतला नव्हे, आणि वाकला असला तरी विचारतो कोण?

परंतु त्या राज्याची रीत अशी की जो गडी कायमचा निघतो त्यास दोन सोबती खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेतात. सर्व छबीवाले झेल विसरून तिकडे धावले. आणि एका बाजूने मान घालावयास कोण जावे? कोणी बोलाविले नव्हते, भिवराव आपणहून गेले. मथूबाईसाहेब बाकावर उभ्याच होत्या. दुसरे दिवशी राज्यभर छबी निघाली, रायाजीराव वर, भिवराव खाली. भिवरावांच्या झेलाची एक छबी सापडली, तीत कोणाची तरी छत्री आडवी आली आहे.

लाडूबाईसाहेबांनी नवी छबी रुमालात गुंडाळून जातीने आणून दिली आणि हळूच म्हणाल्या, "या खेपेस तोंड आले आहे हो जाऊबाई." मथूबाईसाहेबांनी पाहिले. तोंड आले होते. डोळे मिटलेले, दात सगळे दिसत होते, असे हसू की आईच्या घरात एवढ्या वर्षांत एकदाही हसला नव्हता. बाईसाहेबांनी छबी पदराने पुसली. मग त्यांनी जावेस बसा म्हटले आणि चहा टाकला.

एवंच, रायाजीरावांनी बारा साले गाजविली, भिवरावांनी एक झेल घेतला, आणि थोरल्यांकडे आता एक छबी आहे, चौकटीत बसविलेली. वरचा भाग बाईसाहेबांनी कात्रीने काढविला आहे. रायाजीरावांची एक तंगडी मात्र भिवरावांच्या खांद्यावरून लोंबते आहे. ती कापावी तर भिवरावांची मान जाते, सबब राहिली.