वर्ग तीनची त्वचा

चेहऱ्याला काय लावावे हा प्रश्न आमच्या सरकारी वसाहतीत सत्याहत्तर सालच्या हिवाळ्यापर्यंत कोणालाही पडला नव्हता. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी शिपाई रुपरावची बायको कांताबाई जात्यावर उटणे दळायची आणि ते एकच उटणे मोठ्या साहेबांपासून चौकीदारापर्यंत सर्वांच्या अंगाला लागायचे. त्यात मसूर असे, गच्चीवर वाळवलेली संत्र्याची साल असे, हळद असे, आणि बाकी काय असे ते कांताबाई सांगत नसे. कोणाला खाज सुटली तर ती म्हणे, "थोडं दूध टाकून लावा ना," आणि विषय संपे. ज्या व्यवस्थेला ना नियम ना नोंदवही, ती इतकी वर्षे तक्रारीवाचून चालली, हे नागपूरच्या प्रशासनाला शोभणारे नव्हते.

ही उणीव चारुशीलाबाईंनी भरून काढली. चारुशीलाबाई म्हणजे विभागप्रमुखांच्या पत्नी, आणि म्हणून वसाहतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. अध्यक्षपदाची निवडणूक दर वर्षी रीतसर होई आणि दर वर्षी विभागप्रमुखांच्याच पत्नी एकमताने निवडून येत. संक्रांतीच्या आधीच्या बैठकीत त्यांनी एका मासिकाचे कात्रण वाचून दाखवले. बाजारातली महागडी क्रीमे सोडा, उटणे घरीच करा, मात्र आधी आपल्या त्वचेचा प्रकार ओळखा, असे त्यात लिहिले होते. त्वचेचे प्रकार चार: नाजूक, कोरडी, तेलकट आणि राठ.

चार म्हटल्याबरोबर बैठकीत सगळ्यांना सगळे समजले. वसाहतीत क्वार्टर चार प्रकारचे होते. स्नेहसंमेलनातली बसायची सोयही चार प्रकारची होती: पुढे सोफा, मग गादीच्या खुर्च्या, मग लोखंडी खुर्च्या आणि शेवटी सतरंजी. त्वचा तेवढी आजवर बेवारशी राहिली होती. ओळखायची रीत कात्रणात होती. सकाळी उठल्यावर तोंड न धुता पातळ कागद गालावर दाबायचा आणि त्यावर तेल उमटते का ते पाहायचे. पण चाळीस बायकांचे चाळीस कागद तपासत बसण्यापेक्षा नोंदवही सोपी, असे ठरले. तिच्यात रकाने आखले: नाव, पतीचे पद, पतीचा वर्ग, त्वचा. पहिले तीन भरले की चौथा आपोआप भरत होता. वर्ग एक नाजूक, वर्ग दोन कोरडी, वर्ग तीन तेलकट, वर्ग चार राठ. असा ठराव कोणी मांडला नाही, कोणी त्याला अनुमोदनही दिले नाही, आणि तरी त्याच्याइतका काटेकोरपणे पाळलेला ठराव मंडळाच्या इतिहासात दुसरा नाही.

हात वर केला तो एकट्या सुमतीबाईंनी. त्या वरिष्ठ लिपिक मधुकररावांच्या पत्नी. बाईंचे सगळे शांत, समजूतदार. पण कातडी अशी की लिंबाचा थेंब उडाला तरी गालावर चट्टा उठावा.

"माझी त्वचा नाजूक आहे," सुमतीबाई म्हणाल्या.

चारुशीलाबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिले. "तुमचे मिस्टर वरिष्ठ लिपिक ना?"

"हो."

"मग तेलकट," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तसे लिहूनही टाकले.

कृती त्याच बैठकीत मंजूर झाल्या. नाजूक त्वचेसाठी दुधात कालवलेले मसुराचे पीठ, साय आणि गुलाबपाकळ्या. कोरडीसाठी वाटलेली चारोळी आणि मध. तेलकट त्वचेसाठी बेसन, संत्र्याच्या सालीची भरड आणि लिंबाचा रस. राठ त्वचेला तांदळाची कणी, ज्वारीचा कोंडा आणि मीठ. चारही प्रकारांचे कोरडे जिन्नस दळायचे, वाटायचे आणि चार डब्यांत भरायचे काम कांताबाईकडे आले; ओले जिन्नस लावतेवेळी मिसळायचे. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता सभागृहात सामुदायिक लेपन सुरू झाले. हजेरी लागत असे. हजेरीवही चारुशीलाबाई घरी नेत, आणि घरी साहेब त्याच दिवसांत कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहीत होते. मधुकररावांची अधीक्षकपदावरची बढती त्या अहवालावर अडली होती.

पहिल्याच मंगळवारी सुमतीबाईंचा चेहरा भाजून निघाला. दुसऱ्या मंगळवारी गालाची साल निघाली. तिसऱ्या मंगळवारी त्या रडल्या, पण लेप लावलेल्या सगळ्याच बायकांच्या डोळ्यांत लिंबामुळे पाणी होते, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही. न्यायाने सांगायचे तर सोफ्यावरही सुख नव्हते. चारुशीलाबाईंचा चेहरा जन्माचा तेलकट. त्यावर दर मंगळवारी साय चोपडल्यामुळे महिनाभरात कपाळावर जागोजाग पुटकुळ्या आल्या. पण वर्ग एकच्या बाईंनी बेसन मागायचे म्हणजे स्वतःहून दोन पायऱ्या खाली उतरायचे. त्यांनी सगळे हसतमुखाने सोसले.

"अहो, माझं तोंड जळून राहिलं आहे," सुमतीबाई घरी म्हणाल्या. "मी उद्यापासून जात नाही."

"असं करू नको," मधुकरराव घाबरून म्हणाले. "मार्चपर्यंत काढ ना कसंतरी. अन् असं तोंडी बोलून काही होत नाही. रीतसर अर्ज दे."

"कोणाला?"

"अध्यक्षांना. मंडळाच्या चिटणिसांमार्फत."

"चिटणीस शेजारीच तर राहते. भाजी देतो आपण एकमेकींना."

"भाजी वेगळी, मार्फत वेगळं," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी लिहायला घेतले.

अर्ज त्यांनी असा उतरवला की वाचताना सुमतीबाईंनाही आपल्या चेहऱ्याबद्दल आदर वाटला. विषय: त्वचेचे पुनर्वर्गीकरण होणेबाबत. कात्रणातल्या रीतीप्रमाणे सुमतीबाईंनी सकाळी पातळ कागद गालावर दाबला. त्यावर तेलाचा ठिपकाही उमटला नाही. तो कागद पुरावा म्हणून अर्जाला जोडला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: सोबतचे सहपत्र कोरे आहे, सबब पूर्तता करून फेरसादर करावे.

"कोराच तर पाहिजे ना तो," सुमतीबाई म्हणाल्या.

"तुझं बरोबर आहे," मधुकरराव म्हणाले, "पण शेराही चूक नाही. मीही हाच मारला असता."

मग बर्डीच्या बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांचा दाखला आणला. त्वचा अत्यंत नाजूक असून लिंबूवर्गीय पदार्थ टाळावेत, असे त्यांनी सही-शिक्क्यासह लिहून दिले. मंडळाने तो सन्मानपूर्वक दप्तरी दाखल केला आणि खुलासा केला की डॉक्टरांचे मत शरीराविषयी आहे, मंडळाचे वर्गीकरण पदाविषयी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. शिवाय वसाहतीत नाजूक त्वचेच्या मंजूर जागा तीन असून तिन्ही भरलेल्या आहेत. भांडारातले साहेब एकतीस मार्चला सेवानिवृत्त होत आहेत, त्यांच्या सौभाग्यवतींची त्वचा त्या दिवशी रिक्त होईल. तथापि ती जागा सेवाज्येष्ठतेने भरायची असल्याने सुमतीबाईंनी प्रतीक्षायादीत सव्विसाव्या क्रमांकावर समाधान मानावे.

त्या संध्याकाळी कांताबाई मागच्या दाराने आली. पदराखालून तिने कागदाची पुडी काढली.

"घ्या बाई. पहिल्या डब्यातलं हाय. दुधात कालवा अन् घरीच लावा."

"नको गं. कोणी पाहिलं तर?"

"कोन पाहून रायलं? काल तुमच्याकडं पाहून मले रातभर कसंतरी झालं. तोंड काय कोनाचं पदावर ऱ्हायते काय वं?"

सुमतीबाईंनी पुडी घेतली. मंगळवारी सभागृहात त्या नुसता ओला हात तोंडावरून फिरवीत आणि घरी येऊन पुडीतले लावीत. कांताबाई दर आठवड्याला नवी पुडी आणून देई. तीन आठवड्यांत आग थांबली, चट्टे गेले, नवी कातडी आली. आरशात पाहून त्यांना आनंद झाला. इतका की आपण वर्ग तीनमध्ये आहोत याचे त्यांना भान राहिले नाही, आणि पुढच्या मंगळवारी त्या सभागृहात थेट सोफ्याकडच्या पुढच्या दाराने शिरल्या.

सोफ्यावरून पुटकुळ्यांनी भरलेले तीन चेहरे वळले. असा चेहरा बेसनाने होत नाही, हे त्या तिघींना कळायला वेळ लागला नाही. तुकतुकी कोठून आली, कोणत्या डब्यातून आली आणि कोणाच्या मंजुरीने आली, याची चौकशी तिथल्या तिथे सुरू झाली. पहिल्या डब्याची पातळी लाकडी पट्टीने मोजली, ती दोन बोटे कमी भरली. कांताबाईला समोर उभे केले.

"कांताबाई, या डब्यातलं उटणं कोणाला दिलंस?" चारुशीलाबाईंनी विचारले.

कांताबाईने सुमतीबाईंकडे पाहिले. सुमतीबाईंना एवढेच म्हणायचे होते की माझे तोंड जळत होते म्हणून मी घेतले. वाक्य साधे होते, खरे होते, ओठांपर्यंत आलेही होते. पण गोपनीय अहवाल साहेबांच्या टेबलावर होता आणि त्याच्यावर अजून सही व्हायची होती. सुमतीबाई लोखंडी खुर्चीच्या पायाकडे पाहत बसल्या.

"माह्या हातून डबे बदलले," कांताबाई म्हणाली. "चुकी झाली."

दळणाचे काम त्याच दिवशी तिच्याकडून काढून घेतले गेले. त्या दिवशी सुमतीबाईंना जेवण गेले नाही. उद्या कांताबाईकडे जाऊन तिचे हात धरायचे, असे त्यांनी मनाशी पक्के ठरवले. उद्या पाहुणे आले, परवा एकादशी होती, आणि पुढे तर मार्चअखेर, वसाहतीत कोणालाच कशालाच वेळ नव्हता. पुडी बंद झाली आणि गाल पुन्हा भाजायला लागला. त्या मुकाट्याने लेप लावत राहिल्या, आणि तेवढ्यानेच आपण थोडीफार फेड करतो आहोत असे त्यांना वाटत राहिले.

एप्रिलच्या तीन तारखेला मधुकररावांच्या बढतीचा आदेश निघाला. कार्यालय अधीक्षक, वर्ग दोन. आदेश मध्यान्हपूर्व, म्हणजे कार्यालय उघडल्यापासून, अमलात आल्यामुळे सुमतीबाईंची त्वचा त्याच दिवशी सकाळी साडेदहा वाजता कोरडी झाली. मंगळवारी त्यांना गादीची खुर्ची मिळाली, चारोळी मिळाली, मध मिळाला. आठ दिवसांत चेहरा मऊ पडला. बायका म्हणाल्या, अधीक्षकपद मानवले हो तुम्हाला. अर्ज, सहपत्र, दाखला, प्रतीक्षायादी या सगळ्याचा त्यांच्याइतका अनुभव मंडळात कोणालाच नव्हता, म्हणून चारुशीलाबाईंनी त्यांना त्वचा विभागाच्या चिटणीस नेमले. नोंदवही त्यांच्या घरी आली. सुमतीबाईंनी तिला खाकी कव्हर घातले.

मे महिन्याच्या उन्हात एके दुपारी कांताबाई आली. या वेळी पुढच्या दाराने. उटणे आता चक्कीवर दळले जाई आणि चक्कीवाला सगळेच जाडे काढी. कणी, कोंडा आणि मीठ यांनी तिच्या गालांवर ओरखडे उठले होते आणि घामाने ते चरचरत होते.

"मंगळवारी नाही गेली तं साहेब यायले बोलते," ती म्हणाली. यायले म्हणजे रुपरावला. "मले तुमच्यातलं थोडंसं द्या ना बाई. लई आग होऊन रायली."

सुमतीबाईंचा जीव खरोखर कळवळला. ती आग काय असते हे वसाहतीत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी कांताबाईला बसायला सांगितले, पंखा वाढवला आणि जरा विचार करून म्हणाल्या,

"कांताबाई, तू अर्ज कर."

"मले कुठं लिहिता येते?"

"मी लिहून देते ना."

आणि सुमतीबाईंनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. चांगला लिहिला, अगदी मधुकररावांच्या तोडीचा. कांताबाईचा अंगठा घेतला. मग चिटणीस म्हणून तो अर्ज स्वीकारला, आवक क्रमांक टाकला, सहपत्र नसल्याचा शेरा मारला आणि पोच तिच्या हातात दिली.

"मंग आता मले भेटन?" कांताबाईने विचारले.

"जागा रिक्त नाही गं. पण तुझा नंबर लागला यादीत. सुरुवातीला सगळ्यांनाच आग होते, मग सवय होते. मला नव्हती होत?"

कांताबाईने पोच चौघडी करून पदरात बांधली. ती जायला उठली. सुमतीबाईंना फार वाईट वाटले आणि चहा घेतल्याशिवाय त्यांनी तिला जाऊ दिले नाही. चहा त्यांनी चांगला केला, साखर सढळ हाताने घातली. मग फळीवरच्या सहा कपांना हात न लावता त्यांनी खिडकीत उपडा ठेवलेला कान तुटलेला कप उचलला, धुतला आणि त्यात कांताबाईचा चहा ओतला. तो कप तिचा, असे कोणत्याही ठरावात नव्हते. तसे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

एव्हाना वाचकांना सुमतीबाईंचा राग आला असेल, आणि तो यायलाच हवा. तो असाच धरून त्यांनी क्षणभर आपल्या स्वयंपाकघरात जावे आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप कुठे ठेवला आहे तो पाहून यावे. शोधावा लागणार नाही.