कर्जमुक्ताचा जामीनदार

माणसाची पत त्याच्या वागणुकीवर ठरते, असा समज समाजात फार काळ टिकून होता. तो आता शास्त्रीय पद्धतीने दूर करण्यात आला आहे. पत ही एक तीन आकडी संख्या असून ती संगणकात राहते. माणसाशी तिचा संबंध येतो तो बहुधा ती घसरल्यावरच.

कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थाला हे शास्त्र मुळापासून शिकण्याचा योग आला. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांवरून तो दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवी. स्वतःच्या दातावर मारायला मात्र त्याच्याकडे पैसा नसे. बायकोच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याने पहिल्या क्रेडिट कार्डावर केली. दुसरे कार्ड पहिल्याचे व्याज भरायला घेतले, तिसरे दुसऱ्याचे. चौथे कशासाठी घेतले ते त्याला आठवत नसे. पाचवे बँकेने आपणहून पाठवले (सोबत त्याच्या आर्थिक शिस्तीचे कौतुक करणारे पत्र होते). या काळात त्याचा स्कोअर सातशे अठ्ठेचाळीस होता. माणूस अर्धा झाला होता, पण स्कोअरमध्ये वजन धरत नाहीत.

शेवटी गळ्याशी आले तेव्हा तो चपलांच्या दुकानावरच्या एका खोलीत जाऊन बसला. तिथे कर्ज-व्यवस्थापन योजना चालत असे. पाची कर्जे एकत्र बांधायची, बँकांशी बोलून व्याज कमी करून घ्यायचे, आणि दरमहा एकच हप्ता योजनेकडे भरायचा, असे तिचे स्वरूप होते. योजनेचे यश भिंतीवर लावलेले होते. सोळा ग्राहकांपैकी सतरा जणांनी समाधान व्यक्त केले होते (एकाने दोनदा).

सल्लागार बाई मायाळू होत्या. त्यांनी पाणी दिले, मग कात्री दिली.

"कार्डं तुम्हीच कापा. मी कापली तर माणसाला जास्त लागतं."

कवळीवाल्याने पाची कार्डे सरळ रेषेत कापली आणि सवयीने कडाही गुळगुळीत करून दिल्या.

"आता माझ्या स्कोअरचं काय होणार?" त्याने विचारले.

"थोडा खाली जाईल."

"मी कर्ज फेडतोय म्हणून?"

"छे, छे! फेडल्याने हळूहळू सुधारतोच. पण कार्डं बंद होतात ना. शिवाय तुम्ही योजनेतून फेडताय, अशी नोंद राहते. बघणाऱ्याला वाटतं, याला मदत लागली."

"मला मदत लागलीच आहे."

"तेच तर," बाई म्हणाल्या आणि सहीची जागा दाखवली.

महिन्याभरात स्कोअर सहाशे बारावर आला. ज्या वर्षी तो उधारीवर उधारी करत होता त्या वर्षी तो विश्वासू होता, आणि फेडायला लागल्या दिवसापासून संशयित झाला. यात विसंगती दिसत असेल तर ती बघणाऱ्याची आहे. संगणकाची तक्रार नव्हती.

त्याने बावन्न हप्ते भरले. एकही चुकवला नाही. बसचे पैसे वाचवायला चालत कामावर गेला. वर्तमानपत्र बंद केले, मग शेजाऱ्यांचे मागून वाचणेही बंद केले, कारण त्यांनी बंद केले. बायकोचा उजवा गुडघा शस्त्रक्रियेवाचून तसाच राहिला. त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती. ती आठवड्यातून एकदा खाली उतरे, कठड्याला धरून, एकेक पायरी, पाऊल आडवे टाकत. चढून आली की दारातच बसे आणि म्हणे, "मी काही दमले नाहीये, चप्पल काढतेय."

बावन्नाव्या हप्त्यानंतर कर्जमुक्तीचे प्रमाणपत्र आले. त्या आठवड्यात कवळीवाल्याने तळमजल्यावरची एक जागा शोधून काढली. दोन खोल्या, मागे अंगण, पायरी एकच. घरमालक निवृत्त भूमापक होते आणि माणसेही मोजून घेत. भाडेकरूचा स्कोअर किमान सातशे हवा, अशी त्यांची अट होती.

"सहाशे चाळीस," त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला. "चालू कर्ज, शून्य. कार्डं, शून्य. हे काय हो?"

"मी सगळं फेडलंय. हे प्रमाणपत्र."

"ते ठीक आहे. पण आत्ता तुमच्यावर कोणाचा विश्वास आहे, असं यात काहीच नाही. एकही बँक नाही!"

तो बँकेत गेला. खिडकीतल्या बाईने आपुलकीने विचारले, "मग एखादं छोटंसं कर्ज का नाही घेत? नियमित फेडलंत की स्कोअर वाढेल."

"मला कर्ज नकोय. जागा हवीय."

"बरं. तरी अर्ज करून बघा," ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे पाहून पुढे म्हणाली, "नाही, नका करू. स्कोअर कमी आहे."

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितले की जागा दुसऱ्याला गेली. तिने उजव्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "अंगण लहानच होतं ना?"

"लहानच होतं," तो म्हणाला, आणि मोरीत जाऊन उगाच हात धुवत राहिला.

पण ती त्याला ओळखून होती. त्याच्या खिशातला सहाशे चाळीसचा कागद तिने वाचला आणि आपल्या धाकट्या भावाला फोन केला.

या मेहुण्याविषयी चार शब्द बोलणे आवश्यक आहे. त्याच्या डोक्यावर नऊ कर्जे होती: गाडीचे, टीव्हीचे, गाडीत बसवलेल्या टीव्हीचे, आणि उरलेली सहा या तिन्हींचे हप्ते भरण्यासाठी काढलेली. याची टोपी त्याला आणि त्याची याला घालताना त्याने एकदाही तारीख चुकवली नव्हती. त्याचा स्कोअर सातशे एक्याण्णव होता. सहलीला जाण्यासाठी कर्ज देऊ करणारे फोन त्याला सहलीवर असताना येत.

"भावोजी, एवढंच ना? मी राहतो जामीन," तो म्हणाला आणि गाडी घेऊन आला.

घरमालकांनी त्याचा कागद वाचला आणि ते उठून उभे राहिले. "नऊ बँका!" ते हळूच म्हणाले. असा माणूस त्यांनी जवळून पाहिला नव्हता. करारावर सह्या झाल्या. नऊ कर्जांचा धनी हमी देत होता की शून्य कर्जाचा माणूस पैसे बुडवणार नाही, आणि सगळ्यांना हायसे वाटले.

सामान हलवले त्या दिवशी बायको स्वतः चालत अंगणात गेली, परत आत आली, आणि पुन्हा गेली. असे तिने सात वेळा केले. कवळीवाला दारात उभा राहून मोजत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते. तेवढ्यात मेहुण्याने त्याला बाजूला घेतले.

"भावोजी, पाच हजार असतील का? उद्या टीव्हीचा हप्ता आहे."

"माझ्याकडे? अरे, मी आत्ताच कुठे..."

"माझ्यासाठी नाही हो. माझा हप्ता चुकला की माझा स्कोअर पडेल. जामीनदाराचा स्कोअर पडला की मालक करार मोडणार, तसं कलमच आहे. ताईचा विचार करा."

कवळीवाल्याने ताईकडे पाहिले. ती आठव्यांदा अंगणात निघाली होती. त्याने पाच हजार दिले. पुढच्या महिन्यातही दिले. आता तो दरमहा देतो. हप्ते भरायची सवय होतीच, त्यामुळे जड जात नाही. मेहुण्याचा स्कोअर आठशे चारवर गेला आहे आणि दहाव्या बँकेने त्याच्या नियमितपणाबद्दल त्याला भेटवस्तू म्हणून दंतमंजनाचा संच पाठवला आहे.

तुम्हाला मेहुण्याचा राग आला असेल. येऊ द्या. पण खरे सांगा, उद्या तुमची जागा रिकामी असली आणि हे दोघे तुमच्या दारात उभे राहिले, एकाच्या हातात प्रमाणपत्र आणि दुसऱ्याच्या हातात गाडीची किल्ली, तर खुर्ची आधी कोणापुढे सरकवाल? विचार करायला अवश्य वेळ घ्या. त्या खुर्चीचेही अजून चार हप्ते बाकी आहेत, हे आम्ही कोणाला सांगणार नाही.